पहिल्या पानावरची नावे

समुद्रकिनाऱ्याच्या सहलीहून परत न आलेल्या आपल्या सोबत्यांची नावे या स्मरणिकेच्या पहिल्याच पानावर छापली आहेत. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका देणगीदारांच्या यादीने नव्हे, त्यांच्या नावांनी सुरू झाली, यासाठी समितीचे मनापासून आभार. आता शाळेच्या आवारात त्यांच्या नावांची पाटी बसवायची आहे. ती कशी असावी आणि तिथे काय वाचले जावे, एवढेच मला सांगायचे आहे.

सुरुवात जनरल रजिस्टरपासून करावी. त्यातल्या ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात इतर मुलांसमोर ‘पुढील शिक्षणासाठी’, ‘वडिलांची बदली’ असे काहीतरी असते. या मुलांसमोर एकच शब्द आहे, ‘मयत’, आणि पुढे हेडमास्तरांची सही. पाटीवर नाव याच रजिस्टरमधले हवे, पण कोरण्याआधी ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहून प्रत्येकाच्या घरी नेऊन दाखवा आणि घरच्यांचा होकार घ्या. एखाद्या आईला नाव पाटीवर नको असेल, तर तिचे म्हणणे ऐकून घ्यावे, समजूत घालत बसू नये. हल्ली कोरणारे संगणकावर नावे टाइप करून स्टेन्सिल कापतात. फॉन्ट जुना असला की ‘कुऱ्हाडे’चे ‘कुर्हाडे’ होते, ‘ळ’चा ‘ल’ होतो. म्हणून स्टेन्सिल कापण्याआधी एकाने रजिस्टर मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने छापील कागदावर बोट ठेवून तपासावे. क्रम वर्गाच्या हजेरीचा ठेवा. बरोबर गेलेल्या सरांचे नाव वेगळ्या चौकटीत नको. त्याच अक्षरात, मुलांच्या ओळीत असू दे.

चौथरा जांभ्याचा चालेल, पाटी नाही. जांभ्याच्या छिद्रांत काना-मात्रा हरवतात. संगमरवराचा आग्रह अनेकजण धरतील, पण आपल्याकडे 3,000 मिमीच्या आसपास पाऊस पडतो. थोड्याच पावसाळ्यांत त्याची चकाकी जाते, शेवाळ काळे पडते आणि अक्षरांत भरलेला रंग उडाला की पांढऱ्यावर पांढरे काही वाचता येत नाही. काळा ग्रॅनाइट घ्यावा, निदान 30 मिमी जाडीचा. अक्षरे 25 मिमी उंच आणि 3 मिमी खोल. पॉलिश केलेल्या काळ्या पृष्ठभागावर कोरलेला भाग मुळातच फिका उठून दिसतो, रंगाची गरज लागत नाही. पितळी अक्षरे चिकटवू नका. त्यांचे हिरवट ओघळ उतरतात आणि कधीतरी एखादे अक्षर गळून पडते. आपल्या मुलाच्या नावातले अक्षर गळलेले कोणत्याही आईबापाला दिसू नये.

खरी चूक होते ती पाटी धरणाऱ्या खिळ्यांत. साधे लोखंड खाऱ्या हवेत गंजते, गंज फुगतो आणि दगड कोपऱ्यात आतून फुटतो. खर्च वाढला तरी 316 ग्रेडचे स्टेनलेस स्टीलच घ्यावे. सांध्याच्या मालात खाडीची वाळू नको. पाणी साचू नये म्हणून पाटी किंचित मागे कललेली असावी आणि तिची खालची कड जमिनीपासून हातभर वर, नाहीतर पागोळ्यांचा तांबडा चिखल उडून शेवटची नावे झाकतो. साफसफाई पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, साध्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने. ॲसिड अजिबात नको, ते सांधे खाते.

सहलीत मुले गमावलेल्या शाळा इतरत्रही आहेत. लंडनजवळच्या क्रॉयडनमधील लॅनफ्रँक शाळेची 34 मुले आणि 2 शिक्षक 9 ऑगस्ट 1961 रोजी विमानाने नॉर्वेला निघाले. स्टाव्हांगरला उतरण्याआधी त्यांचे विकर्स व्हायकिंग विमान होल्टाहेयाच्या डोंगरावर आदळले आणि 3 कर्मचाऱ्यांसह सर्व 39 जण गेले. त्यांचे स्मारक क्रॉयडनच्या दफनभूमीत आहे आणि होल्टाहेयाच्या डोंगरावरही आहे. ज्यांची तोंडओळखही नव्हती त्या नॉर्वेच्या लोकांनी ही मुले आपली मानली, याचे मला फार मोल वाटते. जर्मनीतल्या हाल्टर्नच्या शाळेचे 16 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका 24 मार्च 2015 रोजी स्पेनहून परतताना जर्मनविंग्जच्या विमानात गेले. तिथे स्मरणाच्या दिवशी विमान कोसळल्याची वेळ धरून, सकाळी 10.41 ला, घंटा वाजवतात.

क्रॉयडनच्या पालकांना एक गोष्ट मिळाली नाही: विमान मार्ग सोडून इतके बाजूला का गेले, हे चौकशीतूनही उलगडले नाही. आपल्याला कारण माहीत आहे. तरी आपण ‘समुद्राने ओढून नेले’ एवढेच म्हणतो आणि गप्प होतो. ते कारण पाटीशेजारी सविस्तर लिहिलेले असावे, असे माझे ठाम मत आहे.

सगळीकडे लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत आणि जरा गडद दिसतो. पोहता न येणाऱ्याला नेमकी तीच जागा बरी वाटते. किनाऱ्यावर चढलेले पाणी त्याच वाटेने परत जात असते. तिथे वाळूत खळगा पडलेला असतो, म्हणून लाट फुटत नाही. गुडघाभर पाण्यातून चार पावलांत गळ्याएवढे पाणी लागते. ही ओढ माणसाला खाली नेत नाही, बाहेर नेते. सरळ किनाऱ्याकडे हात मारणारा दमतो आणि दमून बुडतो. किनाऱ्याला समांतर 30-40 मीटर सरकले की बहुधा ओढ सुटते आणि लाटाच आत आणतात. खडकाच्या टोकाजवळ आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की खाडीच्या मुखाशी ही ओढ जास्त. मग एकाला काढायला दुसरा जातो, दुसऱ्याला काढायला तिसरा. मुले एकापाठोपाठ जातात ती अशी, मित्राचा हात न सोडल्यामुळे.

भरतीचे गणित आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असते: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, आणि पुढे साधारण 6 तासांनी पूर्ण ओहोटी. सहलीची तारीख ठरवायला एवढे पुरते, नेमक्या वेळेसाठी भरतीचे कोष्टक पाहावे. पण उधाण नाही म्हणजे भीती नाही, असे मुळीच नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याचे 14 महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, त्या दिवशी कृष्ण अष्टमी होती. पाणी भांगाचे, म्हणजे कमी चढउताराच्या भरतीचे होते.

पुण्यतिथीला नावे वाचली जातीलच. माझी विनंती अशी की सहलीच्या आदल्या दिवशीही ती वाचावीत, जाणाऱ्या वर्गातल्या मुलांनी, एकाने एक नाव. तिथेच जोड्या लावाव्यात, दहा मुलांमागे एक मोठे माणूस नेमावे आणि ज्या गावी जायचे तिथला एखादा रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणारा बरोबर येईल ना, याची खात्री करावी. सामानात 30 मीटर दोर आणि झाकण घट्ट लावलेले 5 लिटरचे दोन रिकामे कॅन असावेत. बुडणाऱ्याकडे कॅन फेकायचा, स्वतः उडी घ्यायची नाही. बाहेर काढलेल्याला उलटे धरून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास नसेल तर आधी तोंडाने 5 श्वास, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास, हे चालू ठेवावे. त्याच वेळी दुसऱ्याने 108 ला फोन लावावा.

शेवटचे फोटोंबद्दल. त्या वर्गांचे गटफोटो ज्यांच्या घरी असतील त्यांनी शाळेच्या कार्यालयात आणून द्यावेत, 600 डीपीआयवर स्कॅन करून लगेच परत मिळतील. मागे नावे लिहायची तर शाई किंवा बॉलपेन नको, मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहावीत. दमट हवेने फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, चेहरे काचेवर उतरतात. फ्रेम काचेसकट आणा.