आजीची कातडी आणि नातवाचा गुडघा

पावसाळ्यात आमच्या ड्रेसिंग रूमला उसंत नसते. परळ, लालबाग, शिवडी, कुठून कुठून घसरून पडलेली माणसं येतात. त्या दिवशी चाळीच्या ओल्या जिन्यावरून आजी आणि नातू दोघं एकदमच घसरले होते. नातवाचा गुडघा खरचटलेला, रडून नुसता गोंधळ. आजी गप्प. त्यांच्या हाताची कातडी मात्र मनगटापासून वर सोलून गोळा झालेली.

"टाके घाला ना सिस्टर," आजींचा मुलगा म्हणाला.

"दादा, या कातडीत टाका धरत नाही. दोरा ओढला की कापत जातो."

तरुणपणी कातडीचे वरचे-खालचे थर खाचांनी एकमेकांत अडकलेले असतात. वय झालं की त्या खाचा सपाट होत जातात आणि जरा घासलं की वरचा थर सुटून येतो. मी सलाईनमध्ये बुडवलेला गॉज ठेवून कातडी भिजू दिली, मग ओल्या कापसाच्या काडीनं ती हळूहळू उलगडत जागेवर आणली. चिमटा लावला असता तर तुकडेच पडले असते. वर न चिकटणारं ड्रेसिंग, त्यावर रोलर बँडेज. चिकटपट्टी कातडीला अजिबात लावली नाही. म्हाताऱ्या माणसांच्या निम्म्या जखमा आपल्याच चिकटपट्ट्या करतात, असं माझं मत आहे. पुढच्या वेळी कोणत्या बाजूनं काढायचं ते कळावं म्हणून ड्रेसिंगवर पेनानं बाण काढला.

आजी बाणाकडे बघून म्हणाल्या, "स्टेशनचा रस्ता दाखवतेस का गं?"

आठवड्याभरात नातू खपली नखानं काढायला लागला. आजींचा हात महिना उलटला तरी पुरता भरला नव्हता, म्हणून मुलगा काळजीत. शुगर तपासली होती, नॉर्मल. कामाचा क्रम दोघांच्या अंगात एकच: रक्त थांबतं, पांढऱ्या पेशी साफसफाई करतात, लाल दाणेदार मांस येतं, मग कडेनं नवी कातडी सरकत येते. उतारवयात यातलं प्रत्येक काम उशिरा सुरू होतं आणि रेंगाळतं. भरून आलं तरी व्रणाला मूळ कातडीच्या फार तर ८० टक्के ताकद येते.

पण मला खटकलं ते जेवण. दोन वेळा चहा-बटर आणि रात्री मऊ भात. नवं मांस बनणार कशातून? अंडं चालत नव्हतं, म्हणून डाळ, दही, दाण्याचं कूट रोज द्यायला सांगितलं, शिवाय पेरू नाहीतर आवळा. क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजन, म्हणजे कातडीला ताकद देणारं प्रथिन, नीट बनत नाही.

शेवटच्या ड्रेसिंगला गुलाबी, पातळ कातडी पूर्ण जुळलेली दिसली. आजींनी लगेच साडी वर करून गुडघा पुढे केला. "आता याला पण बांध."

गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे ती झिजली की अशी भरून येत नाही, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग तुझा बाण काय कामाचा?" आणि हाडांच्या ओपीडीची खोली विचारून घेतली.