लोहगावचं विमान हेंडनमध्ये

लंडनला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बहिणीने विचारलं, "दादा, आधी कुठे जायचं?" मी म्हटलं, "हेंडनला. तिथे ब्रिटिश हवाई दलाचं म्युझियम आहे." इतकी वर्षं तिथे राहून ती कधी त्या बाजूला गेली नव्हती. नॉर्दर्न लाइनने कॉलिंडेल स्टेशनला उतरायचं आणि तिथून चालत जायचं. आरएएफ म्युझियमला तिकीट लागत नाही. मला तिथे एकच विमान बघायचं होतं, लिबरेटर, दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी बॉम्बफेकी विमान. पण त्याच्याकडे जाता जाता आणखी दोघांनी अडवलं.

पहिलं लँकेस्टर, त्याच युद्धातलं ब्रिटिश बॉम्बफेकी विमान. आर ५८६८ हा त्याचा क्रमांक, 'एस फॉर शुगर' हे हाकेचं नाव. नाकाच्या बाजूवर छोटे छोटे पिवळे बॉम्ब रंगवलेत, एकेका मोहिमेचा एकेक. शंभराच्या वर आहेत. त्यांच्या खाली हिटलरचा हवाई दलप्रमुख गोअरिंग याची फुशारकी लिहिलेली आहे, की शत्रूचं एकही विमान राईशच्या, म्हणजे जर्मनीच्या, हद्दीवरून उडणार नाही. मी ओळी मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिल्या. प्रत्येक बॉम्बाच्या चित्रामागे सात जणांची एक रात्र होती, आणि खाली कुठल्या तरी गावातल्या माणसांचीही. बॉम्बर कमांड या ब्रिटिश बॉम्बफेकी दलाचे ५५,५७३ लोक युद्धात गेले, बहुतेक ऐन विशीतले. एकूण ७,३७७ लँकेस्टर बनली, त्यांतली आज उडणारी फक्त दोन: एक इंग्लंडमध्ये कॉनिंग्जबीला, दुसरं कॅनडात हॅमिल्टनला.

त्याच छताखाली हॅलिफॅक्स हे दुसरं ब्रिटिश बॉम्बफेकी विमान आहे, आणि त्याच्यापुढे मी बराच वेळ थांबलो. एप्रिल १९४२मध्ये नॉर्वेच्या खाडीत दडलेल्या 'टिरपिट्झ' या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करायला गेलेलं हे विमान, डब्ल्यू १०४८. विमानविरोधी तोफांचा मारा लागला, पंखाला आग लागली, तेव्हा वैमानिकाने ते होकलिंगेन नावाच्या गोठलेल्या तळ्यावर पोटावर उतरवलं. सगळे जिवंत बाहेर पडले. बहुतेक जण बर्फातून चालत स्वीडनला पोचले, पाय मोडलेला एक जण तेवढा पकडला गेला. मग बर्फ वितळला आणि विमान तळाशी गेलं. १९७३मध्ये पाण्यात बुड्या मारणाऱ्यांनी ते वर काढलं. नव्याने रंगवून उभं करण्याऐवजी म्युझियमने ते तसंच ठेवलंय: खाल्लेला पत्रा, फाटलेल्या कडा, उघडे पडलेले सांगाडे. माझ्या मते हा निर्णय बरोबर आहे. चकचकीत लँकेस्टरसमोर मी विमान बघत होतो. इथे मला ती रात्र दिसली.

आणि मग लिबरेटर.

आमच्या विश्रांतवाडीच्या कॉलनीत तळमजल्यावर राहणारे काका हवाई दलात फिटर होते, लोहगावला, सहा नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये. लहानपणी आम्ही गच्चीवरून विमानं बघायचो, तेव्हा ते म्हणायचे, "तुम्ही लिबरेटर बघायला हवं होतं रे. विमान कसलं, गोडाऊन होतं!" चार इंजिनं, शेपटीला दोन मोठे लंबगोल पंखे उभे केल्यासारखे, आणि पोटातले बॉम्बचे दरवाजे उघडायचे ते दुकानाच्या शटरसारखे, अंगावर वर सरकत. आतून पुढून मागे जायला वीतभर रुंदीची एक पट्टी. तिच्यावरून तोल सांभाळत जायचं.

त्यांनी सांगितलेली खरी गोष्ट त्यांच्या जन्मानंतर थोड्याच वर्षांनी घडलेली, त्यांनाही वरिष्ठांकडून कळलेली. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर कानपूरला चकेरीच्या तळावर जमा झाली होती. ती अमेरिकेकडून लेंड-लीजवर, म्हणजे युद्धापुरती उसनी, घेतलेली होती. करार असा की परत करा, नाहीतर मोडून टाका. म्हणून ती मोडली. पत्र्याला भोकं पाडली, उपकरणं फोडली, इंजिनांत वाळू ओतली. मग ब्रिटिश निघून गेले. १९४८मध्ये स्वतंत्र भारताला बॉम्बफेकी विमानं हवी होती आणि पैसा नव्हता. हिंदुस्तान एअरक्राफ्ट या बंगळूरच्या विमान कारखान्याचे लोक त्या भंगारात गेले. युद्धकाळात याच जातीच्या विमानांची दुरुस्ती त्यांनी बंगळूरला केलेली होती, हात बसलेला होता. उडण्यापुरती डागडुजी करून एकेक विमान जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकाने कानपूरहून बंगळूरला उडवत नेलं. तिथे ते पूर्ण खोलून नीट केलं जायचं. अशी चाळीसच्या आसपास. मला हे वाचताना-ऐकताना दर वेळी छाती भरून येते. इंजिनातली वाळू धुऊन काढून त्याच इंजिनाच्या भरवशावर हजारभर मैल जायचं!

त्यांतली बरीच पुढे पुण्याला आली आणि समुद्रावर गस्त घालत १९६८पर्यंत उडत राहिली. तोवर बाकी जगात लिबरेटर जवळजवळ संपली होती. अठरा हजारांहून जास्त बनलेली, युद्धानंतर ढिगाने वितळवलेली. म्हणून संग्रहालयांनी भारताकडे धाव घेतली. कॅनडात ओटावाला, ॲरिझोनात टूसॉनला जी लिबरेटर उभी आहेत ती इथून गेलेली. हेंडनचं हे केएन ७५१, फोर्डच्या विलो रन कारखान्यात बनलेलं, १९४५मध्ये हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवरून उडालेलं आणि मग आपल्या हवाई दलातलं एचई ८०७. आपण ते १९७४मध्ये ब्रिटनला भेट दिलं.

आता ते पुन्हा ब्रिटिश रंगांत आहे, पंखांवरची वर्तुळं निळी, लाल ठिपका नसलेली. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपानी खूण वाटू नये म्हणून तिथे लाल वगळलेला असायचा. भारताचं चक्र कुठेच नाही. मला थोडं वाईट वाटलं. आयुष्यातली सर्वांत जास्त वर्षं हे विमान ज्या चक्राखाली उडलं, ते कुठेतरी असायला हवं होतं.

दुपारचे बारा, म्हणजे पुण्यात साडेपाच. मी काकांना व्हिडिओ कॉल लावला. फोन त्यांच्या नातवाने धरला होता. मी आधी नाक दाखवलं, मग इंजिनं. ते गप्प होते. ऐकू येत नसेल असं वाटलं.

"खाली ये," ते एकदम म्हणाले. "चाकाच्या मागे. पोटाचा पत्रा दाखव."

मी कठड्यापाशी वाकून फोन पुढे केला. रिव्हेटांच्या ओळी, मध्येच वेगळ्या आकाराचं एक ठिगळ, कडा साफ बसवलेल्या.

"थांब," काका म्हणाले. "हलू नकोस जरा."

मी हात लांब करून तसाच वाकून राहिलो.