डब्ल्यूएफआयच्या आधीची फट

बॅटरीवर चालणाऱ्या डेटा लॉगरचं फर्मवेअर मी लिहीत होते. कॉर्टेक्स-एम७ प्रोसेसर. काम नसेल तेव्हा डब्ल्यूएफआय ही इन्स्ट्रक्शन देऊन त्याला झोपवायचं, इंटरप्ट, म्हणजे लक्ष वेधणारा हार्डवेअरचा सिग्नल, आला की तो उठतो. पण दिवसातून दोन-तीनदा एखादं रीडिंग चक्क एक मिनिट उशिरा यायचं. डीबगर जोडला की सगळं सुरळीत.

आधी शंका येईल तिथे डीएमबी बॅरियर, म्हणजे मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम राखणारी इन्स्ट्रक्शन, टाकत गेले. बग दिवसाआड दिसू लागला आणि मी तो सुटला असं धरून चालले. त्यात आठवडा गेला. बॅरियरमुळे फक्त वेळेचं गणित हललं होतं.

मग एक मोकळी पिन झोपायच्या तयारीला लागताना वर, उठल्यावर खाली. दुसरी पिन इंटरप्ट हँडलरमध्ये, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये. दोन्ही लॉजिक अ‍ॅनालायझरवर, म्हणजे सिग्नल वेळेनुसार दाखवणाऱ्या यंत्रावर. चौथ्या दिवशी सापडलं. 'काम आहे का' हा फ्लॅग (हँडलर लावतो ती खूण) तपासून झाल्यावर आणि डब्ल्यूएफआयच्या आधी, त्या इवल्याशा फटीत इंटरप्ट येऊन हँडलर चालूनही गेला होता. फ्लॅग लागलेला, प्रोसेसर झोपलेला. जाग आली ती थेट मिनिटाच्या टायमरने.

उपाय पहिल्यांदा पटत नाही: आधी प्रायमास्कने (इंटरप्ट रोखून धरणारं प्रोसेसरचं रजिस्टर) इंटरप्ट बंद करायचे, मग फ्लॅग बघायचा, काम नसेल तर डीएसबी (हाही एक बॅरियर), डब्ल्यूएफआय, आणि उठल्यावर इंटरप्ट पुन्हा चालू. इंटरप्ट बंद असताना हा उठणार कसा, याची मला धास्तीच होती. पण प्रायमास्क लावलेला असला तरी आलेला इंटरप्ट डब्ल्यूएफआयमधून जागं करतोच. हँडलर तेवढा मास्क निघेपर्यंत थांबतो. आणि डीएसबीच का? डीएमबी नुसता क्रम राखतो. डीएसबी आधीचे राइट पूर्ण झाल्याशिवाय पुढे सरकूच देत नाही.

उशीर थांबला, तरी कधीकधी मागचंच रीडिंग परत मिळायचं. डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारं हार्डवेअर) थेट रॅममध्ये लिहितो, या झोपेत डेटा कॅश (रॅममधल्या डेटाची प्रोसेसरजवळची प्रत) जशीच्या तशी राहते, आणि डीएसबी तिला हातही लावत नाही. ट्रान्सफर संपल्यावर बफरची कॅश इनव्हॅलिडेट केली, म्हणजे ती प्रत टाकून दिली, तर शेजारचा काउंटर मागे जाऊ लागला! कॅश लाइन (कॅश एका वेळी हाताळते तो तुकडा) ३२ बाइटची, माझा बफर ४८ चा. उरलेल्या १६ बाइटांत तो काउंटर होता, आणि रॅमपर्यंत न पोचलेली त्याची नवी किंमत मीच पुसत होते. बफर ३२ च्या सीमेवर नेला, लांबी ६४ केली. नंतर पाच रात्री लॉगर टेबलावर चालू ठेवला. काउंटरच्या नोंदींत एकही खंड नव्हता.