चुकीचं ई-चलान खोडून काढताना: नागपूरच्या गाड्यांवरचा माझा अनुभव

नागपूरजवळच्या वाडी गावात ट्रक, टेम्पो आणि ट्रॅव्हल्सच्या गाड्यांची कागदपत्रं सांभाळणं हे माझं काम. परमिट, फिटनेस, विमा यांच्या जोडीला आता ई-चलानही रोजचंच झालंय. ‘सरकारनं हे कॅमेरे एकदाचे बंद करावेत’ असं मालक म्हणतात, ड्रायव्हरही म्हणतात. मला ते पटत नाही. चौकात हात दाखवून थांबवलेल्या गाडीचं सगळं तोंडी चालतं. त्याला ना फोटो, ना नेमकी वेळ. कॅमेऱ्याच्या चलानाला निदान कागद असतो आणि कागदाला उत्तर देता येतं. बंदी घालायचीच असेल, तर पुराव्याशिवाय निघणाऱ्या चलानावर घाला. ते उत्तर मी कसं देतो, ते इथे लिहितोय.

एसएमएस आला की सर्वांत आधी एक गोष्ट करायची नाही: पैसे भरायचे नाहीत. दंड भरला म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली गुन्हा तडजोडीनं मिटवला असं धरतात, मग तक्रारीला जागा उरत नाही. एसएमएसमधल्या लिंकवरही जाऊ नका. खोट्या चलानाच्या लिंक सर्रास फिरतात. महाट्रॅफिक ई-चलानच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः जा. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलानं दिसतात. प्रत्येक चलानातला फोटो उघडा, मोठा करा आणि तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा.

फोटोत आधी गाडी बघा, नंबर नंतर. नंबर वाचणारं सॉफ्टवेअर अक्षरांच्या आकारावर चालतं, त्यामुळे ३ आणि ८, १ आणि ७, बी आणि ८, डी आणि शून्य यांत गल्लत होते. आपल्याकडच्या कोडमध्ये हे हमखास घडू शकतं: एमएच-३१ नागपूर शहर आणि एमएच-३७ वाशीम, एमएच-४९ पूर्व नागपूर आणि एमएच-४८ वसई. प्लेटवर चिखल, वाकलेला कोपरा, स्क्रूचं डोकं नेमकं आकड्यावर, एवढं कारण पुरतं. मॉडेल, रंग, कॅरिअर, बॉडीवरची पट्टी, काचेवरचा स्टिकर जुळत नसेल तर काम सोपं आहे. मॉडेल आणि रंगही तोच, पण गाडी आपली नाही, असं असेल तर कोणीतरी आपला नंबर लावून फिरतंय. तेव्हा चलानाच्या तक्रारीआधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्या नंबरानं उद्या अपघात झाला तर ती पोचच कामाला येते.

फोटोतली गाडी आपलीच असेल, तर गुन्हा खरंच दिसतो का ते बघायचं. सीटबेल्टच्या चलानात काळा शर्ट आणि काळा बेल्ट एकमेकांत मिसळतात. मे महिन्यातल्या दुपारी समोरच्या काचेवर आभाळाचा पांढरा पट्टा उमटतो आणि ड्रायव्हरच्या छातीचा भाग त्याखाली जातो. फोटो मोठा करून ड्रायव्हरच्या खांद्याजवळ गाडीच्या खांबावर बेल्ट जिथे अडकवलेला असतो ती जागा बघा. तिथून तिरपी रेघ निघताना दिसली तर बेल्ट लावलेला आहे, मग छातीवर काही दिसो वा न दिसो.

स्टॉप लाइनच्या चलानात दोन गोष्टी तपासतो. मागून ॲम्ब्युलन्स आली होती का? तिला वाट न दिल्यास कलम १९४-ई खाली १०,००० रुपये दंड आहे, आणि वाट द्यायला रेघ ओलांडली तर कॅमेरा चलान कापतो. गाडीत डॅशकॅम असेल तर ते फुटेज त्याच दिवशी काढून ठेवा. मेमरी कार्ड भरलं की जुनं पुसलं जातं. दुसरी गोष्ट पिवळ्या दिव्याची. ५० किमी वेग म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. भानावर येऊन ब्रेकवर पाय जायला एक सेकंद आणि साधारण ब्रेकनं थांबायला ३२ मीटर, म्हणजे एकूण ४६ मीटर लागतात. ज्याला रेघेआधी थांबणं शक्यच नाही, त्याला लाल होण्याआधी रेघेपर्यंत पोचायला पिवळा किमान ३.३ सेकंद हवा. भरलेल्या ट्रकचे ब्रेक सावकाश लागतात, त्याला ४० च्या वेगालाही पावणेचार सेकंद लागतात. त्या चौकातल्या फुटपाथवर उभं राहून मोबाइलवर सिग्नलच्या तीन फेऱ्यांचा व्हिडिओ घ्या आणि पिवळा लागल्यापासून लाल होईपर्यंतच्या फ्रेम मोजा. सेकंदाला ३० फ्रेम असतात. पण जितक्या वाजताचं चलान तितक्याच वाजता घ्या, कारण गर्दीची वेळ आणि दुपार यांचं टायमिंग वेगळं असतं. हा दशांश सेकंदाचा हिशेब कोणाला किरकोळ वाटेल. शिकागोत २०१४ साली ३ ऐवजी २.९ सेकंदांचा पिवळाही ग्राह्य धरला गेला आणि तेवढ्यावर सुमारे ७७ हजार चलानं जास्तीची निघाली.

सगळ्यात कस लागतो तो वेगाच्या चलानाला. ‘कॅमेरा तिरका होता’ असं ड्रायव्हर सांगतात, पण नुसतं तेवढं चालत नाही. रडार तिरपं बघतं हे यंत्राला माहीत असतं, तो कोन त्यात भरलेला असतो. घोळ होतो तो भरलेला कोन आणि खांबावरचा खरा कोन यांत फरक पडला की. यंत्रात २५ अंश भरलेत आणि खांब हलून कोन २० झाला, तर १०० च्या वेगाची गाडी जवळपास १०४ दाखवते. म्हणून यंत्राची तपासणी शेवटची कधी झाली, हा प्रश्न विचारायचाच. रडारच्या वेगमापकांची वैधमापनशास्त्र म्हणजे वजनमापांच्या कायद्याखाली पडताळणी आणि मुद्रांकन करण्याचे नियम १ जुलै २०२५ पासून लागू झाले आहेत.

कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमधला सरासरी वेग काढणारी पद्धत वेगळी. तिथे अंतर भागिले वेळ, त्यामुळे दोन्ही घड्याळं जुळलेली हवीत. दोन किलोमीटरच्या टप्प्यात ११८ नं जाणाऱ्या गाडीला ६१ सेकंद लागतात. घड्याळांत चार सेकंदांचा फरक पडला की तीच गाडी १२६ दाखवेल, आणि समृद्धीवर हलक्या गाडीची मर्यादा १२० आहे. टप्पा वीस किलोमीटरचा असेल तर तेवढ्याच चुकीनं एक किलोमीटरचाही फरक पडत नाही. म्हणून टप्प्याची लांबी आधी विचारा.

चलानात वेळेसकट दोन फोटो असतील तर वेग घरी पडताळता येतो. दोन्ही फोटोंत पुढचं चाक रस्त्यावरच्या कुठल्या खुणेशी आहे ते बघायचं: पट्ट्याचं टोक, मॅनहोल, डांबराचा जोड. नंतर जागेवर जाऊन रस्त्याच्या कडेनं टेपनं अंतर मोजायचं, रस्त्यात उतरायचं नाही. अर्ध्या सेकंदात ७.३५ मीटर म्हणजे ताशी ५३ किलोमीटर. गाडी बाजूनं दिसत असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर मोजपट्टीसारखं वापरता येतं. स्विफ्टचं ते २.४५ मीटर आहे, म्हणजे तीन स्विफ्टएवढं सरकणं. समोरून काढलेल्या फोटोवर हा हिशेब करू नका, लांबी दबलेली दिसते.

ट्रकला ८० चा स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग रोखणारं यंत्र असतं. त्या यंत्राचं प्रमाणपत्र, जीपीएसचा त्या दिवसाचा रिपोर्ट आणि फास्टॅगचं स्टेटमेंट एकत्र लावलं की चित्र स्पष्ट होतं. सपाट रस्त्यावर ९६ चं चलान आलं तर बहुतेक शेजारच्या लेनमधल्या गाडीचा वेग ट्रकच्या नावे चढलेला असतो. फोटोत दुसरी गाडी आहे का बघा. उतारावर मात्र हा मुद्दा लावू नका. भरलेला ट्रक तिथे ८० च्या वर खरंच जातो, आणि तसं असेल तर ते चलान भरायलाच हवं.

आता कायद्याची बाजू. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-ए हा नियम आला, आणि माझ्या मते या सगळ्या वादाचं उत्तर त्यातच आहे. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा. चलानात गुन्हा आणि नंबर प्लेट दाखवणारा स्पष्ट फोटो, यंत्राचं मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण, कायद्याचं कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. हे प्रमाणपत्र आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली लागतं आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला का हे ओळखायचा कोड, नमूद असतो. गुन्ह्यापासून १५ दिवसांत नोटीस निघायला हवी. वेगाच्या आणि धोकादायक ड्रायव्हिंगच्या खटल्यात कलम २०९ आणखी कडक आहे: जागेवर ताकीद, १४ दिवसांत नोटीस किंवा २८ दिवसांत समन्स, यांपैकी काहीच नसेल तर एरवी दोषी ठरवता येत नाही. अर्थात पत्ता किंवा मोबाइल नंबर बदलल्यावर आपणच तो नोंदीत बदलून घेतला नसेल तर हा मुद्दा टिकत नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर मोबाइल नंबर अद्ययावत ठेवा.

तक्रार त्याच संकेतस्थळावर किंवा ॲपवर ‘ग्रीव्हन्स’मध्ये टाकायची. चलानाला खूप दिवस झाले की ते कोर्टाकडे जातं, म्हणून आठवड्याच्या आत टाका. मजकूर असा ठेवतो: ‘चलान क्रमांक अमुक. फोटोतील वाहन पांढरे, बंद बॉडीचे आहे. माझे वाहन निळे, उघड्या बॉडीचे आहे. फोटोतील नंबरचा शेवटचा आकडा ३ आहे, चलानात ८ आहे. आरसी आणि वाहनाचे पुढून, मागून, बाजूने फोटो जोडले आहेत. चलान रद्द करावे.’ बस. ‘आमच्यावर अन्याय होतोय’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला मुद्दा शोधावा लागतो, आणि तक्रार ‘फोटो योग्य आहे’ एवढ्या शेऱ्यानं बंद होते.

तशी बंद झाली तर माहिती अधिकार. दहा रुपये शुल्क, राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही भरता येतं. महाराष्ट्रात एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून यंत्राचा अर्ज वेगळा आणि रस्त्याचा वेगळा. पहिल्यात मान्यता प्रमाणपत्राची प्रत, नूतनीकरणाची आणि पडताळणीची तारीख. दुसऱ्यात त्या टप्प्याच्या वेगमर्यादेची अधिसूचना, सूचनाफलकाची जागा, सिग्नलचं टायमिंग. ‘का’ असं विचारू नका. कागदाची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करायचं. कॅमेरे चालवणाऱ्या कंत्राटदाराला पैसे ठरावीक मिळतात की चलानामागे, हेही मी मागतो. चलानामागे मिळत असतील तर ते मला अजिबात मान्य नाही. कॅनडातल्या ओंटारिओनं १४ नोव्हेंबर २०२५ पासून वेगाचे कॅमेरे बंद केले ते ‘वसुली’ या आरोपावरच. त्याच प्रांतात, टोरोंटोतल्या शाळांजवळ कॅमेऱ्यांमुळे वेग मोडणाऱ्या गाड्या ४५ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. राग वसुलीचा होता, बंद पडलं शाळेजवळचं संरक्षण.

चलान व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन कोर्टाकडे गेलं तरी दार बंद होत नाही. अशा खटल्यांसाठी काटोलला व्हर्च्युअल कोर्ट सुरू झालं, त्याचं उद्घाटन ३१ ऑक्टोबर २०२० ला सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी केलं होतं. व्हर्च्युअल कोर्टाच्या संकेतस्थळावर चलान किंवा वाहन क्रमांकानं खटला शोधला की दोन पर्याय येतात: दंड भरणे किंवा खटला लढवणे. लढवायचं म्हटलं तर ओटीपी टाकावा लागतो आणि प्रकरण त्या हद्दीतल्या नियमित न्यायालयात जातं. तिथे तारखेला हजर राहणं आलं, म्हणून साध्या दंडासाठी वकील लावायचा की नाही हे मालकानं ठरवावं. निव्वळ दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला सहा महिन्यांची मुदत असते, हे वकिलाला आठवण करून द्या. लोकअदालतीची नोटीस आली तर लक्षात ठेवा, तिथे तडजोड होते. चलान चुकीचं होतं असा निकाल मिळत नाही. गुन्हा खरा असेल तर जरूर जा.

चलान रद्द झाल्यावर महाट्रॅफिक आणि परिवहन या दोन्ही ठिकाणी नंबर टाकून बघा. एका जागी मिटलेलं चलान दुसऱ्या जागी थकीत दिसू शकतं, आणि ते गाडी विकताना समोर येतं. दिसलं तर रद्द झाल्याचा आदेश जोडून तिथेही तक्रार टाका, आणि आदेशाची एक प्रत गाडीच्या फाइलला आरसीमागे लावून ठेवा.