दुखत नाही म्हणजे पाय ठणठणीत, असं नसतं

इंग्लंडमध्ये मधुमेह असलेल्या माणसाला वर्षातून एकदा खास पाय तपासायला बोलावतात. वयाच्या १२व्या वर्षापासून पुढे सगळ्यांना, एनएचएसकडून, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, मोफत. साखर आटोक्यात आहे, पायाला काही होत नाही, तरीही जायचं.

बूट-मोजे काढून पाय पसरून बसायचं. तपासणाऱ्या बाई आधी बोटांच्या बेचक्या आणि टाचांच्या भेगा बघतात. मग डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक धागा तळव्याला टेकवतात, तो जेमतेम वाकेल एवढाच दाब देऊन. जाणवलं की ‘हो’ म्हणायचं. यातून नसा बधिर झाल्यात का ते कळतं. त्यानंतरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. पावलाच्या वर आणि आतल्या घोट्यामागे दोन बोटं ठेवून त्या नाडी शोधतात. नीट लागली नाही, तर गार जेल लावून पेनासारखं डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र, टेकवतात आणि खोलीभर रक्त धावल्याचा आवाज येतो. चांगल्या धमनीचा आवाज ठसठशीत, तुटक असतो. वर कुठे धमनी अरुंद झाली असेल, तर तोच मऊ आणि एकसुरी होतो.

आमच्या घरात मधुमेह पिढीजात आहे. पण मुंबईत डॉक्टरांकडे जाताना आम्ही रिपोर्टची फाइल नेतो, चपला मात्र कुणी काढायला सांगत नाही.

दादरचे माझे काका सत्तरीला टेकलेत, मधुमेह वीसेक वर्षांचा. फोनवर पायांचं विचारलं की म्हणायचे, “अगं, मला काही होत नाही.” आणि खरंच दुखत नव्हतं. काकूचं म्हणणं वेगळं होतं. “स्टेशनवरून चालत येणारा माणूस हल्ली टॅक्सी करतो. रानडे रोडला नेलं तर दर चार दुकानांनी थांबतात, भाव विचारतात, घेत काहीच नाहीत.”

गोम इथेच आहे. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या की चालताना पोटरीला रक्त पुरत नाही. पोटऱ्या भरून येतात, थांबलं की उतरतं. मग माणूस नकळत चालणंच कमी करतो. चाललाच नाही तर दुखणार कुठून? त्यात मधुमेहाने नसा बधिर झालेल्या असल्या की वायर तुटलेल्या घंटेसारखं होतं, बटण कितीही दाबलं तरी आवाज नाही. उरलेलं घरचे ‘वय झालं’, ‘गुडघे गेले’ म्हणून सोडून देतात.

सुट्टीत मुंबईला गेले तेव्हा मी हट्टाने काकांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. एका पावलावर नाडी लागेना. मग घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून एबीआय काढला, म्हणजे घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागलं. समजा घोट्याला १०० आणि दंडाला १४० आला, तर उत्तर ०.७१. ०.९ किंवा त्याखाली आलं की धमनीत अडथळा आहे असं धरतात. काकांचा आला १.४ च्या वर! काकू सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात डॉक्टरांनी थांबवलं. जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठून ती कडक होते, पट्ट्याने दबतच नाही, म्हणून आकडा फुगतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. तो कमी निघाला.

त्यांना जखम नव्हती, त्यामुळे अँजिओप्लास्टीची घाई केली नाही. कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी, तंबाखू कायमची बंद, आणि रोज शिवाजी पार्कला चालणं: पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. गोळ्या फक्त पायासाठी नाहीत. ज्याच्या पायाच्या धमन्या अशा बुजतात, त्याला हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोकाही बराच जास्त असतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार आपल्याकडे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. तुमच्या घरात कुणी असेल, विशेषतः पासष्टी ओलांडलेलं किंवा दहा-बारा वर्षांचा मधुमेह असलेलं, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर मोजे काढा आणि “पायाची नाडी बघता का?” असं सरळ विचारा. मिश्री लावणाऱ्या आजीलाही न्या. मिश्री म्हणजे तंबाखूच.

बधिर पाय गरम पाण्यात बुडवू नका, शेकू नका. भाजलेलं कळतच नाही. अंगारकीला अनवाणी रांगेत उभं राहायचा हट्ट असेल, तर घरी आल्यावर तळवे कुणाकडून तरी बघून घ्या. पावसाळ्यात चपलेने सोललेली जागा जरा चिघळली, बोट काळं-निळं पडलं किंवा एक पाय अचानक गार पडला, तर हळद लावून सकाळची वाट बघायची नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.