आमची वाटचाल: तीन पातेली आणि एक बासुंदी

ठाण्यात मटणाच्या ऑर्डरी घेणारे ढीगभर आहेत. पण बेने इस्रायली, म्हणजे आम्हा कोकणातल्या ज्यूंच्या, लग्नात रस्सा नारळाच्या दुधातच होतो, मटणासोबत दूध धर्माला चालत नाही म्हणून म्हशीच्या दुधाचा थेंबही त्या भांड्याला लागता कामा नये, हे ग्राहकाने न सांगता ज्याला कळतं तो आमच्या धंद्यातला. त्यासाठी आमची तांब्याची तीन पातेली वेगळीच. कानाला लाल फडकं बांधलेली, वर्षातून दोनदा कलई.

आणि नेमकी त्यातल्याच एकात बासुंदी उकळली! हॉलच्या पोऱ्याने, आम्ही मंडपात पानं मोजत असताना. सगळं मटण गटारात ओतलं, वरपक्षाला डाळ-भात आणि तळलेली पापलेटं वाढली. एका मुंबईच्या केटररने, नाव घेत नाही, पुढच्याच आठवड्यात ‘त्यांच्याकडे दूध-मटण एकत्र’ असं पसरवलं. ताटामागे भावही पाडला. सहा महिने फोन नाही. बायकोच्या पाटल्या गेल्या.

तेव्हा टेंभी नाक्याच्या मामी आल्या. “मलिदा कर, पन्नास माणसं. मुलगा इस्रायलला चाललाय.” आमच्याकडे माणूस परदेशी निघाला की एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य होतो. आमचा धंदा असा निरोपांवर उभा राहिला, हसू नका. ठाण्यातलं आमचं प्रार्थनास्थळ, शार हाशामाईम सिनेगॉग, 1879 चं. 1853 ला रेल्वे आली आणि तिच्या वाटेने माणसं इथे स्थिरावली. 1948 ला इस्रायल झालं आणि घरंच्या घरं तिकडे गेली, पण मुंबईच्या खोल्या विकून, अलिबागकडची गावं सोडून नवी माणसं ठाण्यातच येत राहिली. निरोपाचा मलिदाही आमचा, नव्या ब्लॉकच्या वास्तूचाही आमचाच. मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता विचारलं नाही तरी सांगतो. मलिद्याचे पोहे भिजत घालू नका, चाळणीत धुऊन निथळा. गूळ, वेलची आधी चोळा, खोबरं सगळ्यात शेवटी. आणि हॉलवाल्याला स्वतःची भांडी एक तासही उसनी देऊ नका, सख्खा भाऊ असला तरी.

ते बासुंदीचं पातेलं माळ्यावर पालथं ठेवलंय. मोडीत घालू म्हणते बायको. मी घालत नाही. मामींचा दर रोश हशानाला, आमच्या नव्या वर्षाला, फोन येतो, आता तिकडूनच, लेकाकडून. पहिला प्रश्न ठरलेला: “कलई केलीस का रे?”