सिलिअॅक असलेल्या मुलीचे स्वयंपाकघर

सिलिअॅक म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार. त्याचे निदान झाले की घरातली पोळी बंद करा, असे कोणाला दोनदा सांगावे लागत नाही. खरी अडचण फोडणीपासून सुरू होते. दुकानात मिळणारा बहुतेक हिंग बांधानी असतो, म्हणजे हिंगाच्या मूळ चिकात डिंक आणि पीठ मिसळून तयार केलेला असतो, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचे किंवा मैद्याचे असते. त्यामुळे ज्या मुलीला आपण ‘निदान साधा वरणभात तरी खा’ म्हणून आग्रह करतो, तिच्या पोटात त्या वरणातूनच रोज थोडा गहू जात राहतो. माझ्या मुलीसाठी आम्हाला मिळालेल्या वर्ज्य पदार्थांच्या यादीत पोळी, ब्रेड, बिस्किटे, रवा, मैदा, शेवया, सातू असे सगळे होते, पण हिंग नव्हता. तो आम्हाला डबीवरचा बारीक मजकूर वाचताना सापडला. आता आमच्याकडे शुद्ध खडा हिंग असतो किंवा तांदळाच्या पिठात बांधलेला, आणि तोही डबीवरचे घटक वाचल्याशिवाय घरात येत नाही.

निदानापूर्वी ती कायम फिकट दिसायची, वर्गात सर्वांत बुटकी होती, आणि लोहाची औषधे नियमित देऊनही तिचे हिमोग्लोबिन वर येत नव्हते. पोट दुखल्याची तक्रार ती क्वचितच करायची, म्हणून पोटाकडे बराच काळ कोणाचे लक्ष गेले नाही. ‘मुलगी खातच नाही’ हेच आम्हाला सगळीकडे ऐकायला मिळाले. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी सांगितली, त्यानंतर एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा तुकडा तपासला गेला आणि निदान पक्के झाले. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन पोटात गेले की या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे आतड्याच्या अस्तरावरचे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. अन्न पोटात जाते, पण अंगी लागत नाही. हा आजार होण्यासाठी एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुके लागतात. मात्र ती असलेल्या बहुसंख्य लोकांना आजार होत नाही. जवळच्या रक्ताच्या नात्यात तो आढळण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असल्यामुळे आई, वडील आणि भावंडांनीही तपासणी करून घ्यावी असे सांगितले जाते, आणि ती आम्ही सर्वांनी केली. इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. शंका आली म्हणून आपल्या मनाने आधीच गहू सोडू नका, कारण गहू बंद असताना केलेली तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

गव्हाचा हा दोष डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या कामामुळे जगापुढे आला. १९४४–४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा हा आजार असलेली मुले सुधारू लागली, आणि पाव परत आल्यावर ती पुन्हा खालावली. डिके यांनी १९५० मध्ये आपला प्रबंध मांडला. तेव्हापासून आजपर्यंत या आजारावर आयुष्यभर ग्लुटेन टाळणे हाच उपचार आहे, आणि म्हणूनच हा उपचार औषधाच्या दुकानात न होता स्वयंपाकघरात होतो.

‘एवढ्याशाने काय होतंय? प्रसाद आहे, नाही म्हणू नये,’ हे वाक्य माझ्या मुलीने जितक्या वेळा ऐकले असेल तितके दुसरे कोणतेही ऐकले नसेल. बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असते, म्हणून त्याचे उत्तर मी हिशेबाने देते. एका मध्यम पोळीत साधारण दोन ते अडीच ग्रॅम ग्लुटेन असते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेले तरी या रुग्णांच्या आतड्याला इजा होते, असे अभ्यासातून दिसले आहे. म्हणजे पोळीचे चाळीस-पन्नास तुकडे केले तर त्यांतला एक. चमचाभर शिरा त्याच्या कितीतरी पुढे जातो. शिवाय त्या चमच्याने तिला लगेच काही झाले नाही, याचा अर्थ आत काही झाले नाही असा होत नाही. पुष्कळ रुग्णांना गहू खाल्ल्यावर बाहेरून काहीच जाणवत नाही.

हा हिशेब समजला की गिरणीचा प्रश्न आपोआप समोर येतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा या कशातही ग्लुटेन नाही, आणि आपल्या कोकणात, देशावर, मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या लोक यांवरच जगले. पोळी हे रोजचे अन्न पुष्कळ घरांत फार उशिरा झाले. त्यामुळे मराठी घरात सिलिअॅकच्या माणसाने उपाशी राहण्याचे काही कारण नाही. परंतु हीच ज्वारी गव्हामागून त्याच जात्यात दळली की ते पीठ तिच्या कामाचे राहत नाही. आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गव्हाचा दाणा कधीही पडू द्यायचा नाही असे ठरवले. ज्वारी अख्खी आणायची, ताटात पसरून निवडायची, कारण तिच्यात चुकार गहू निघतोच, मग धुऊन वाळवायची आणि आठवड्यापुरतीच दळायची. ताज्या पिठाचा आणखी एक फायदा आहे. ज्वारीच्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना कडेने फाटते. ताज्या पिठात कढत पाणी घालून चांगले मळले तर ती परातीत हाताखाली सरसर फिरते आणि तव्यावर टम्म फुगते. माझी मुलगी आता स्वतः भाकरी थापते, आणि तिच्या भाकरीचा पापुद्रा माझ्यापेक्षा पातळ येतो.

घरात गहू पूर्ण बंद करावा की नाही यावर आमच्याकडे पुष्कळ चर्चा झाली. सासूबाईंना भाकरी चावत नाही, त्यांना मऊ पोळी लागते, म्हणून गहू राहिला. मात्र त्याला जागा ठरवून दिली. सूक्ष्म अंशाने होणारी ही सरमिसळ घरात कोणाला कशी समजवायची, याची मला सर्वांत जास्त काळजी होती. ते काम सासूबाईंनी एका वाक्यात केले. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना त्या म्हणाल्या, “हिला गव्हाचा कायमचा उपवास आहे असं समजा.” मावशी एकादशी कडकडीत करतात. उपवासाची भाजणी धान्यावर दळायची नाही, भाताचा डाव साबुदाण्यात घालायचा नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी क्रमच बदलला: आधी ओटा पुसून, हात धुऊन हिच्या भाकऱ्या, त्या झाकून वरच्या फळीवर, आणि मगच गव्हाची कणीक. तवा, परात आणि पोळपाट-लाटणे वेगळे झाले, आणि चाळणीही वेगळी झाली. चाळणीच्या जाळीत अडकलेले पीठ कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही, त्यामुळे तिच्याबाबत तडजोड करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सणांमध्ये गणपती आम्हाला सर्वांत सोपा जातो, कारण उकडीचे मोदक तांदळाचेच असतात. दिवाळीत चकली, कडबोळी, बेसनाचे लाडू, चिवडा आणि अनारसे तिला चालतात. फक्त तळणीचा क्रम पाळावा लागतो. तिचे सगळे तळून झाल्यावरच त्या तेलात शंकरपाळे आणि करंज्या पडतात. होळीला पुरण तुपाबरोबर वाटीत. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट मात्र विकतचे आणू नये, कारण दोन्हींत गहू घालण्याची रीत आहे. कुरडया तर गव्हाच्याच. नात्यातल्या एका सत्यनारायणाला यजमीणबाईंनी शिऱ्याबरोबर राजगिऱ्याच्या लाडवांचाही नैवेद्य दाखवला होता आणि ते लाडू हिला पहिल्या पंगतीत दिले होते. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे दिसले, त्यासाठी मी त्या बाईंची जन्मभर ऋणी राहीन.

बाहेर खाणे अवघड आहे, आणि ते अवघडच राहणार. बटाटेवड्यात गहू नसतो, पण त्याच कढईत सामोसे तळलेले असतात. डोसा तांदूळ-उडदाचा असला तरी कुरकुरीतपणासाठी त्यात रवा किंवा मैदा घातलेला असू शकतो, आणि सांबारात पुन्हा हिंग आहेच. मालवणी पद्धतीचा तळलेला मासा रव्यात घोळवला की गेला. तोच तांदळाच्या पिठात घोळवून वेगळ्या तव्यावर मिळाला तर चालतो. सोया सॉसमध्ये गहू असतो, आणि दुधात घालायच्या अनेक पावडरींमध्ये जवाचे माल्ट असते. विकतच्या पदार्थांवर ‘ग्लुटेनमुक्त’ असे लिहायचे असेल तर आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, आणि गहू वापरला असेल तर तसे पाकिटावर सांगावे लागते. हे नियम आम्हाला फार उपयोगी पडतात. पण त्या नावाने मिळणारी बिस्किटे आणि ब्रेड महाग असतात, आणि त्यांतल्या पुष्कळांत स्टार्च आणि साखरच भरपूर असते. प्रवासासाठी एखादे पाकीट जवळ असावे, रोजचे पोट त्यावर भरू नये.

शाळेत तिचा डबा तिचाच असतो, हे मैत्रिणींना आता माहीत आहे. सुरुवातीला तिला स्वतःचा डबा दुसऱ्यांना देता यायचा आणि दुसऱ्यांचा घेता यायचा नाही, याचे तिला फार वाईट वाटायचे. मग एका मैत्रिणीची आई अधूनमधून घावने किंवा आंबोळ्या करून पाठवू लागली. त्याआधी तिने मला फोन करून पीठ कुठले, तवा कुठला, हे सगळे विचारून घेतले होते. असे विचारणारी दोन घरे मिळाली तरी मुलाचे बालपण पुष्कळ हलके होते. तपासणीतले टीटीजीचे आकडे हळूहळू खाली आले, हिमोग्लोबिन सुधारले, आणि उंचीच्या तक्त्यावर ती वर सरकू लागली आहे.

पुढच्या महिन्यात माझ्या भाच्याची मुंज आहे. आचाऱ्यांशी माझे बोलणे झाले आहे. मसालेभाताची आणि बटाट्याच्या भाजीची फोडणी आमच्या हिंगाची होईल, भजी जिलबीच्या तेलात तळली जाणार नाहीत, आणि तिच्या पानात जिलबीऐवजी श्रीखंड वाढले जाईल. भाकऱ्या आम्ही घरून नेणार आहोत, आणि पंगतीत सगळ्यांबरोबर बसायचे असे तिने आधीच सांगून ठेवले आहे.